इटालियन आडनावाचे मूळ कसे शोधावे: आधी गाव, मग अर्थ

इटालियन आडनावाचा अर्थ शोधणे तुलनेने सोपे असते. ते आडनाव लावणाऱ्या एका विशिष्ट घराण्याचा इतिहास शोधणे हे मात्र वेगळेच काम आहे, आणि या दोन कामांची गल्लत झाली की शोध पहिल्याच पायरीवर भरकटतो. 'फेरारी' म्हणजे लोहार, हे कोणताही कोश सांगेल. परंतु मध्ययुगीन इटलीत लोहाराचा भाता नसलेली वस्ती विरळाच होती. त्यामुळे हे आडनाव अनेक ठिकाणी, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या कुटुंबांना, स्वतंत्रपणे चिकटले. 'फेरारी घराण्याचा इतिहास' अशी एकच एक गोष्ट म्हणूनच अस्तित्वात नाही. अमुक गावातील अमुक फेरारी कुटुंबाचा इतिहास तेवढा असतो. इटलीत आज सुमारे ७,९०० 'कोमूने', म्हणजे स्थानिक स्वराज्याचे सर्वांत लहान घटक आहेत, आणि नागरी नोंदी याच पातळीवर ठेवल्या जातात. तेव्हा शोधाचा पहिला प्रश्न 'आडनावाचा अर्थ काय' हा नसून 'कोमूने कोणता' हा आहे.

गावाचे नाव कसे मिळवावे

ज्या कुटुंबाचा शोध घ्यायचा आहे ते इटलीतच असेल, तर गावाचे नाव बहुधा घरातच मिळते. कुटुंब परदेशी स्थायिक झालेले असेल, तर प्रश्न अवघड होतो. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी इटली सोडली आणि त्यांच्या वंशजांच्या आठवणीत बहुतेक वेळा 'नेपल्सजवळचे कुठलेसे गाव' एवढेच उरले. अशा वेळी थडग्यांवरील मजकूर, नव्या देशाचे नागरिकत्व घेतानाचे अर्ज, तेथील चर्चमधील विवाहाची नोंद आणि जहाजाच्या प्रवासी याद्या हे कागद याच क्रमाने पाहावेत. 'नापोली' किंवा 'पालेर्मो' असे लिहिलेले आढळले, तर ते शहर असेलच असे समजू नये. प्रवासी अनेकदा आपल्या प्रांताचे किंवा ज्या बंदरातून निघाला त्या बंदराचे नाव सांगत असे.

येथे एक फार पसरलेला गैरसमज दूर केला पाहिजे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले, असे असंख्य कुटुंबांत सांगितले जाते. प्रत्यक्षात १८९२ ते १९५४ या काळात चाललेल्या त्या तपासणी केंद्रात नावे नव्याने लिहिली जात नसत. जहाज कंपनीच्या माणसांनी निघतानाच तयार केलेल्या यादीवरून प्रवाशांची पडताळणी होत असे. आडनावाचे रूप बदलले ते पुढे, शाळेत, कारखान्याच्या हजेरीपटावर किंवा नागरिकत्वाच्या अर्जात. त्यामुळे प्रवासी यादीतील लेखन मूळ रूपाच्या अधिक जवळचे असण्याची शक्यता असते. शिवाय इटालियन स्त्रिया लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचेच आडनाव लावत असल्यामुळे, यादीत पत्नीचे नाव पतीच्या आडनावाखाली सापडले नाही म्हणून ती त्या जहाजावर नव्हती असा निष्कर्ष काढू नये. उलट तिचे वेगळे आडनाव हा गाव ओळखण्याचा दुसरा, आणि पतीचे आडनाव फार सामान्य असेल तर अधिक भरवशाचा, धागा ठरतो.

आडनाव स्वतः काय सांगते

गावाचा पत्ता अजिबात लागत नसेल, तर आडनावाच्या रूपाकडे वळावे. इटालियन आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची आहेत: पूर्वजाच्या नावावरून आलेली ('दी जोव्हान्नी', 'दे लुका'), स्थळावरून आलेली ('रोमानो', 'जेनोव्हेझे'), व्यवसायावरून आलेली ('बार्बिएरी', 'मोलिनारी') आणि शरीराच्या किंवा स्वभावाच्या वैशिष्ट्यावरून पडलेली (लाल केसांचा 'रोस्सी', कुरळ्या केसांचा 'रिच्ची', डावखुरा 'मांचिनी'). ही विभागणी सर्वत्र सांगितली जाते. पण शोधकर्त्याला तिच्यापेक्षा उपयोगी पडते ती आडनावाची प्रादेशिक घडण.

लोहाराचेच उदाहरण घेऊ. एमिल्या आणि लोंबार्दियात तो 'फेरारी' झाला, पिएमोंतेत 'फेरेरो', दक्षिणेत 'फेरारो', तोस्काना आणि रोमान्यात 'फाब्री', वेनेतोत 'फावारो' आणि सार्डिनियात 'फ्राउ'. धंदा एकच, पण बोली वेगवेगळ्या, आणि प्रत्येक बोलीने आपला शिक्का त्या आडनावावर उमटवला. लाल केसांचा माणूस मध्य आणि उत्तर इटलीत 'रोस्सी' आहे, दक्षिणेत 'रुस्सो', तर सार्डिनियात 'रुज्जू'. आडनाव हातात पडल्यावर त्याचा अर्थ काय, यापेक्षा 'हा अर्थ नेमक्या याच रूपात कोणत्या भागात बोलला जाई' असे विचारले, तर अर्धा देश शोधाबाहेर काढता येतो.

शेवटचा अक्षरही बरेच बोलते. 'ई'ने संपणारी आडनावे मध्य आणि उत्तर इटलीत दाट आहेत. हा 'ई' काही ठिकाणी लॅटिनमधील षष्ठीचा अवशेष आहे ('पेत्री', म्हणजे पीटरचा), तर काही ठिकाणी 'त्या घरातले सगळे' या अर्थाचे अनेकवचन आहे. वेनेतोत शेवटचा स्वर गळून 'त्रेविझान', 'फुर्लान' अशी व्यंजनान्त रूपे तयार झाली. सार्डिनियाची आडनावे तर दुरूनही ओळखू येतात: 'पिरास', 'मेलिस', 'कोस्सू'. कलाब्रिया आणि पूर्व सिसिलीत शेवटच्या 'आ'वर आघात असलेली 'लागाना'सारखी आडनावे त्या किनाऱ्यावरच्या ग्रीक भाषेची आठवण ठेवून आहेत, आणि 'मोराबितो' हे आडनाव अरबी शब्दावरून आलेले आहे. 'ब्रांबिल्ला' हे आडनाव तर बेर्गामोजवळच्या ब्रेंबिल्ला या गावापर्यंत थेट घेऊन जाते.

स्थळवाचक आडनावांबाबत मात्र सावध राहावे. 'जेनोव्हेझे' हे आडनाव जेनोआत राहणाऱ्या माणसाला पडण्याचे कारण नव्हते, कारण तेथे सगळेच जेनोआचे. ते पडले जेनोआ सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला. अशा आडनावाने शोध सुरू करताना नाव ज्या गावाकडे बोट दाखवते तेथे नव्हे, तर ते आडनाव जेथे प्रत्यक्ष आढळते तेथे पाहावे. शहराच्या नावावरून आलेले प्रत्येक आडनाव ज्यू असते, ही समजूतही चुकीची आहे. इटलीतील अनेक ज्यू घराण्यांनी गावांची नावे आडनावे म्हणून घेतली हे खरे. पण त्याच पद्धतीने असंख्य ख्रिस्ती कुटुंबांनाही ती मिळाली. केवळ आडनावावरून धर्म सिद्ध होत नाही.

आडनाव कोणत्या कोमूनेत किती आढळते हे दाखवणारे नकाशे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. ते अवश्य पाहावेत. परंतु तूरिन आणि मिलान येथील गर्दीला भुलू नये. १९५० आणि १९६०च्या दशकांत दक्षिणेकडील लाखो लोक कामासाठी या औद्योगिक शहरांत गेले, त्यामुळे अस्सल कलाब्रियन आडनावही आज तूरिनमध्ये ठळक दिसते. मोठी शहरे वगळून लहान गावांचा पुंजका कोठे पडतो ते पाहावे. दोन-तीन शेजारच्या गावांत एखादे विरळ आडनाव एकवटलेले दिसले, तर मूळ तेथेच असण्याची शक्यता खूप मोठी असते.

नागरी नोंदींचे वाचन

गाव निश्चित झाले की खरा शोध सुरू होतो. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नागरी नोंदी नेपोलियनच्या काळात सुरू झाल्या: उत्तरेत साधारण १८०६ पासून, नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून. सिसिलीत त्या १८२० पासून मिळतात. नेपोलियनच्या पाडावानंतर उत्तरेतील बऱ्याच भागांत हे काम पुन्हा चर्चकडे गेले. दक्षिणेत मात्र ते अखंड चालू राहिले. एकीकरणानंतर १८६६ पासून ही पद्धत सबंध राज्याला लागू झाली, आणि वेनेतो व रोम १८७१ मध्ये तिच्यात आले. त्यामुळे दक्षिणेतील एखाद्या शेतमजुराचा वंश नागरी कागदांवरून १८०९ पर्यंत सलग मागे नेता येतो, पण उत्तरेतील सधन कुटुंबासाठीही कधी कधी मधली पन्नास वर्षे चर्चच्या वह्यांतून भरून काढावी लागतात.

नोंदवहीच्या दोन प्रती केल्या जात. एक कोमूनेत राहत असे आणि दुसरी न्यायालयाकडे जाऊन पुढे राज्य अभिलेखागारात जमा होत असे. एक प्रत भूकंपात, आगीत किंवा युद्धात नष्ट झाली असली, तरी दुसरी शिल्लक असू शकते; म्हणून एका ठिकाणचे नकारार्थी उत्तर अंतिम मानू नये. या दुसऱ्या प्रतींच्या प्रतिमा इटलीच्या राज्य अभिलेखागारांच्या 'आन्तेनाती' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. 'आन्तेनाती' म्हणजे पूर्वज. सर्व वह्यांची नावानिशी सूची तेथे झालेली नाही, त्यामुळे शोधपेटीत नाव टाकून काही मिळाले नाही तर प्रांत, कोमूने आणि वर्ष निवडून वही पानापानाने चाळावी. वहीच्या शेवटी बहुधा वार्षिक सूची असते. आधी तिचे पान गाठावे. ७० वर्षांपेक्षा अलीकडची संपूर्ण नोंद सर्वांसाठी खुली नसते. त्या काळासाठी कोमूनेच्या 'स्तातो चिविले', म्हणजे नागरी नोंदणी, कार्यालयाला इटालियनमध्ये पत्र लिहून, पूर्ण नाव व अंदाजे वर्ष देऊन, आईवडिलांच्या नावांसह जन्माचा उतारा मागावा. पत्र थोडक्यात आणि एकाच व्यक्तीविषयी असावे. सबंध घराण्याची माहिती मागणाऱ्या पत्रांना लहान कार्यालये सहसा उत्तर देऊ शकत नाहीत.

आता एक नोंद जवळून पाहू. नेपल्सच्या राज्यातील १८२० नंतरच्या जन्मनोंदीचे पान उभे दोन भागांत विभागलेले असते. डाव्या बाजूला छापील मजकूर असतो: अमुक वर्षी, अमुक दिवशी, अमुक वाजता, कोमूनेचे प्रमुख व नोंदणी अधिकारी असलेल्या आमच्यासमोर अमुक इसम हजर झाला, त्याचे वय इतके, धंदा अमुक, राहणार अमुक रस्ता, आणि त्याने आम्हाला एक मुलगा दाखवला. मधल्या मोकळ्या जागा कारकुनाने हाताने भरलेल्या असतात. उजव्या बाजूला बाप्तिस्म्याची तारीख आणि तेथील चर्चचे नाव असते. हा उजवा रकाना घाईत वगळला जातो, पण पुढे चर्चच्या वहीत कोठे शोधायचे हे तोच सांगतो.

या नोंदीत वडिलांच्या नावानंतर आजोबांचे नाव येते आणि त्याआधी एक छोटा शब्द असतो. 'जुझेप्पे दी आन्तोनियो' म्हणजे आन्तोनियोचा मुलगा जुझेप्पे, आणि आन्तोनियो त्या दिवशी हयात होता. 'जुझेप्पे फू आन्तोनियो' असे असेल, तर आन्तोनियो मरण पावलेला होता. या एका 'फू'मुळे आजोबांची मृत्युनोंद कोणत्या वर्षाच्या आधी शोधायची ते ठरते. दोन लागोपाठच्या भावंडांच्या नोंदींत एकदा 'दी' आणि पुढे 'फू' आढळला, तर मृत्यू त्या दोन तारखांच्या मध्येच झाला असे समजावे. मात्र हा 'दी' आडनावाचा भाग नाही, हे लक्षात ठेवावे. 'दी आन्तोनियो' असे स्वतंत्र आडनावही अस्तित्वात आहे आणि नवख्या वाचकाकडून नेमकी येथेच चूक होते. खात्री करण्यासाठी त्याच माणसाच्या दुसऱ्या नोंदीत आडनाव काय आहे ते पाहावे.

हस्ताक्षराच्याही काही खुबी आहेत. त्या काळच्या लिखाणात जोड 'एस'मधील पहिला 'एस' लांब, रोमन 'एफ'सारखा काढीत, त्यामुळे 'रोस्सी' हे 'रोफ्सी' असे वाचले जाते आणि सूची करणाऱ्यांनीही तसेच उतरवलेले असते. महिन्यांसाठी आकडे वापरले जात, पण '७'च्या पुढे 'ब्रे' लिहिलेला महिना जुलै नसून सप्टेंबर असतो, कारण 'सेत्ते' म्हणजे सात. त्याच न्यायाने '८' ऑक्टोबर, '९' नोव्हेंबर आणि रोमन दहाचे चिन्ह डिसेंबर. वये अंदाजाने सांगितलेली असत. चार-पाच वर्षांच्या फरकाने माणूस वेगळा ठरवू नये. नेपोलियनच्या काळात फ्रान्सला थेट जोडलेल्या पिएमोंतेत तर नोंदी फ्रेंचमध्ये आहेत, आणि तेथे जोव्हान्नी हा 'जाँ' म्हणून भेटतो.

दक्षिण इटलीत शोध घेणाऱ्याने विवाहनोंदीपाशी थांबू नये. तिच्यासोबत 'प्रोचेसेत्ती' नावाची जोडपत्रांची फाइल असते, आणि माझ्या मते सबंध इटालियन अभिलेखात सामान्य माणसाच्या वंशासाठी इतका समृद्ध कागद दुसरा नाही. विवाहासाठी वधूवरांच्या जन्माचे दाखले लागत. वडील हयात नसतील तर त्यांचा मृत्यूचा दाखला लागे, आणि त्यांच्या पश्चात संमती देण्याचा अधिकार आजोबांचा असल्यामुळे तेही नसतील तर त्यांचाही. समजा, विवाह १८१५ मधला आहे. वराचा जन्म १७९०च्या सुमाराचा, म्हणजे नागरी नोंदींपूर्वीचा. तेव्हा चर्चच्या वहीतून काढलेला बाप्तिस्म्याचा उतारा फाइलीत मिळेल. आजोबा १७७० मध्ये वारले असतील तर त्याचाही. चर्चचे दार न ठोठावता, एकाच फाइलीतून तीन पिढ्या हाती येतात.

आडनाव जेथे तुटते

काही आडनावांचा माग एका ठरावीक पिढीला अचानक संपतो. नेपल्स परिसरातील 'एस्पोझितो' हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. लॅटिनमधील 'एक्स्पोझितुस', म्हणजे बाहेर ठेवलेले, या शब्दापासून ते आले. आईला सांभाळणे शक्य नसलेले मूल नेपल्सच्या आनुंत्सियाता या संस्थेच्या भिंतीतील फिरत्या लाकडी चाकात ठेवले जाई, आतील बाजूने ते उचलून घेतले जाई आणि त्याला हे आडनाव मिळे. फ्लोरेन्समध्ये १४४५ मध्ये उघडलेल्या 'ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती' या अनाथालयातील मुले 'इन्नोचेंती' झाली, रोमची 'प्रोयेत्ती', सिसिलीतील काही 'त्रोवातो', म्हणजे सापडलेला. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हात कबुतर होते, म्हणून तेथील मुलांना 'कोलोंबो' हे आडनाव दिले गेले.

असे आडनाव आढळले की आडनावाची वाट तेथे संपली असे मानून संस्थेच्या दाखलवह्यांकडे वळावे. मूल कोणत्या रात्री आले, अंगावर कोणते कपडे होते, सोबत चिठ्ठी होती का, याची नोंद अशा वह्यांत केली जात असे. कधी मुलासोबत अर्धे तोडलेले पदक ठेवलेले असे. दुसरा अर्धा भाग आईकडे राही, म्हणजे कधी काळी परत येता आले तर आपले मूल ओळखता यावे. फ्लोरेन्समध्ये अशी अर्धी पदके आजही जपलेली आहेत. ती वही उघडताना आपण कोणाच्या तरी सर्वांत कठीण रात्रीची नोंद वाचत आहोत, याचे भान असावे. तरीही प्रत्येक कोलोंबो हा अनाथ मुलाचा वंशज नव्हे. जेनोआचा क्रिस्तोफोरो कोलोंबो, म्हणजे आपला कोलंबस, याच आडनावाचा होता आणि त्याचा बाप विणकर होता. ज्या पिढीत मूल संस्थेत दाखल झाल्याची नोंद सापडेल, तेव्हाच तसे म्हणावे.

दुसऱ्या प्रकारची तूट राजकीय आहे. पहिल्या महायुद्धानंतर इटलीला मिळालेल्या ईशान्येकडील प्रदेशात फॅसिस्ट राजवटीने १९२६ आणि १९२७ च्या हुकुमांद्वारे स्लोव्हेन, क्रोएशियन आणि जर्मन आडनावांना इटालियन रूपे दिली. 'वोदोपिवेत्स'चे 'बेविलाक्वा' झाले. दोन्हींचा अर्थ पाणी पिणारा. त्र्येस्तेच्या परिसरातील कुटुंबाचे आडनाव १९२७ पूर्वीच्या वह्यांत सापडत नसेल, तर ते भाषांतरित झालेले आहे का हे आधी तपासावे.

याशिवाय टोपणनावांचा गुंता आहे. एकाच आडनावाची शेकडो कुटुंबे असलेल्या गावात शाखा ओळखण्यासाठी 'देत्तो', म्हणजे 'उर्फ', या शब्दाने दुसरे नाव जोडले जाई. व्हेनिसजवळच्या क्योज्जा या मासेमारीच्या शहरात 'बोस्कोलो' आणि 'तिओत्सो' यांची संख्या इतकी आहे की ही उपनावे तेथे अधिकृत कागदांतही आली. काही ठिकाणी मूळ आडनाव गळून उपनावच पुढे चालले. म्हणून नोंदीत 'देत्तो' दिसला की त्यापुढचा शब्द टिपून ठेवावा.

कुलचिन्हे विकणाऱ्यांकडे मात्र अजिबात जाऊ नये. चिन्ह एखाद्या विशिष्ट घराण्याचे असते, आडनावाचे नव्हे. आणि १९४८ मध्ये अमलात आलेल्या संविधानानुसार इटलीचे प्रजासत्ताक सरदारी पदव्यांना मान्यताच देत नाही.

चर्चच्या वह्या आणि त्यामागे

त्रेन्तोच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतातील चर्चला बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवणे बंधनकारक केले. १६१४ मध्ये मृत्यूच्या नोंदी आणि 'स्तातो देल्ले आनिमे', म्हणजे घरोघरच्या माणसांची यादी, यांची भर पडली. या वह्या लॅटिनमध्ये आहेत आणि स्थानिक चर्चमध्ये किंवा बिशपच्या अभिलेखागारात असतात. धर्मगुरूंना आधी पत्र लिहून वेळ मागावी. ते अभिलेखपाल नाहीत आणि त्यांच्यावर ते काम सोपवलेलेही नाही. शक्य असेल तर आधी घरयादी पाहावी, कारण तिच्यात आजी, सून, नातवंडे, चाकर असे सबंध घर एकाच पानावर दिसते.

१५६३ च्या मागे जायचे, तर नोटरींचे दस्त आणि कर आकारणीच्या वह्या उरतात. फ्लोरेन्सची १४२७ ची कर आकारणी, 'कातास्तो', ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि तिच्यात असंख्य कुटुंबप्रमुखांना आडनावच नाही. त्यांची ओळख 'अमुकचा मुलगा, तमुकचा नातू' एवढीच आहे. या पातळीवर पोहोचल्यावर आडनाव शोधणे सोडून नावांची साखळी शोधावी. एका दस्तात 'पिएरोचा मुलगा, लोहार जोव्हान्नी' असे लिहिलेले असते, आणि तेथे लोहार हा त्याचा रोजचा धंदा असतो. वीस-तीस वर्षांनंतरच्या दस्तात त्याच जमिनीचा मालक जोव्हान्नीचा मुलगा असतो, धंद्याने शेतकरी, आणि तरीही नावापुढे लोहार हाच शब्द. बापाचा धंदा मुलाचे आडनाव झाला तो काळ या दोन दस्तांच्या मध्ये असतो. त्या दोन्ही कागदांचे अभिलेखागार, खंड आणि पान यांचे क्रमांक तेथल्या तेथे उतरवून घ्यावेत.